मिळालेलं कृपादान कामी कसं लावावं: मंडळीत नव्याने सेवा सुरू करणाऱ्यांसाठी

बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं, किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा नियमाने उपासनेला येऊ लागलात, की मनात एक प्रश्न येतोच: मी इथे काय करू? गाता येत नाही, चारचौघांत उभं राहिलं की पाय लटपटतात, बायबल अजून धड वाचून झालेलं नाही. काही जणांची अडचण उलटी असते. त्यांना पुष्कळ काही येतं, पण कोणी विचारत नाही, म्हणून वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून असतात. हा लेख दोघांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांत जे काम रोज चालतं ते डोळ्यांपुढे ठेवून मी लिहिते आहे. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामात पाळकसाहेबांच्या जागी धर्मगुरू असतील, कमिटीचं नाव वेगळं असेल; काम फारसं वेगळं नसतं.

मला सांगायचं आहे ते एवढंच: आपलं कृपादान, म्हणजे देवाने आपल्याला दिलेली देणगी, कोणती याचा शोध घेत घरी बसू नका. एक लहान, ठरलेलं काम कोणाच्या तरी देखरेखीखाली घ्या, ते वेळच्या वेळी करा आणि त्याचा हिशेब द्या. देवाने आपल्या पदरात काय घातलं आहे ते काम करताना उमगतं.

आधी मत्तय २५ सावकाश वाचा

दाखला ओळखीचा असल्यामुळे आपण तो घाईने वाचतो. मत्तय २५:१४-३० एकदा मोठ्याने वाचा. मालक परदेशी जाताना तीन दासांकडे आपली मालमत्ता सोपवतो: एकाला पाच तालांत (त्या काळचं मोठ्या रकमेचं माप), एकाला दोन, एकाला एक. ज्याला एकच मिळालं त्याच्या हातावर चिल्लर ठेवली असं आपण धरून चालतो. पण एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुरांशी तीच ठरते. म्हणजे सर्वांत कमी मिळालेल्या दासाच्या हातीही जवळपास वीस वर्षांची कमाई होती. देवाने मला काहीच दिलं नाही, असं म्हणायला या दाखल्यात जागाच नाही.

वाटणी ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे झाली, हेही तिथेच लिहिलं आहे. पुढे वचन २१ आणि वचन २३ शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला मिळालेली शाबासकी एकसारखी आहे. मालकाने दोघांची तुलना केली नाही.

तिसऱ्या दासाने काही उधळलं नाही, चोरलं नाही. तो भ्याला. मालक कठोर आहे अशी त्याने समजूत करून घेतली आणि मिळालेलं जमिनीत पुरून ठेवलं. त्यावर मालक म्हणतो की निदान सावकाराकडे तरी ठेवायचं होतंस, व्याज मिळालं असतं. सेवेत नव्याने येणाऱ्यांना मी हे २७वं वचन मुद्दाम दाखवते. स्वतः व्यापार करायची छाती नसेल तर जो व्यापार करतो आहे त्याच्याकडे आपली ठेव ठेवावी. एकट्याने संडे स्कूल चालवायला भीती वाटते का? मग जी बाई ती चालवते तिच्या हाताखाली जाऊन बसा. मुलांना रांगेत बसवा, हजेरी घ्या, चित्रं कापून द्या. या वचनाचा असा अर्थ मी लावते, आणि त्यातून उभी राहिलेली पुष्कळ माणसं पाहिली आहेत.

याच्या जोडीला निर्गम ३१ वाचा. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, कामासाठी देवाने बसालेलाला नाव घेऊन बोलावलं आणि आपल्या आत्म्याने भरलं, ते सोनं, रुपं, पितळ, लाकूड, रत्नं यांची कारागिरी करण्यासाठी. त्याच्या मदतीला अहलियाब दिला. सुतारकाम, वायरिंग, शिवणकाम येणाऱ्यांनी हा अध्याय जवळ ठेवावा. रोम १२:६-८ मध्येही शिक्षण देणाऱ्याच्या ओळीतच दान देणारा आणि दया करणारा येतो. १ पेत्र ४:१० सांगतं की प्रत्येकाला जसं कृपादान मिळालं तसं ते एकमेकांच्या सेवेसाठी वापरावं, चांगल्या कारभाऱ्यासारखं. कारभारी म्हटला की माल दुसऱ्याचा असतो, ही गोष्ट सेवेत शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते.

वही घ्या

एक साधी वही घ्या आणि एका बैठकीत तीन गोष्टी लिहा. मला काय येतं. लोक माझ्याकडे कशासाठी येतात. आठवड्यात माझ्याकडे खरोखर किती तास मोकळे आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा सर्वांत खरं निघतं. शेजारपाजारचे लोक बँकेचा फॉर्म भरायला तुमच्याकडे येतात का? नातेवाइकांत भांडण झालं की तुम्हाला मध्ये घालतात का? लग्नात आचाऱ्याशी बोलायला तुम्हालाच पुढे करतात का? लोकांना जिथे तुमचा उपयोग होतो तिथे बहुतेक वेळा देणगी असते. तरीही घरातल्या एकाला, मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला आणि कामावरच्या एखाद्या सोबत्याला विचारा: माझ्या कोणत्या कामावर तू डोळे मिटून भरवसा ठेवशील? उत्तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

आता आपल्या मंडळीत काय काय करावं लागतं ते लिहा. संदेश (प्रवचन) आणि गीत याच दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, कारण त्या दिसतात. पण चर्च सकाळी उघडतं कोण? माइक कोण लावतं? चालता न येणाऱ्या आजींना रिक्षाने उपासनेला कोण आणतं? बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या नोंदवह्यांना वाळवी लागू नये म्हणून कोण बघतं? कब्रस्तानातलं गवत कोण काढतं? नाताळाच्या जेवणावळीचा अंदाज कोण बांधतं? शाळेच्या दाखल्यासाठी धडपडणाऱ्या कुटुंबाबरोबर कचेरीत कोण जातं? प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये यापो गावची टबीथा आहे. ती मेली तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवून दिलेले अंगरखे आणि वस्त्रं पेत्राला दाखवत होत्या. तिने कधी संदेश दिला असेल की नाही, शास्त्रात नोंद नाही. शिवणाची नोंद आहे.

पाळकसाहेबांशी बोलणं

रविवारी उपासना संपताच दारात गाठू नका. त्या वेळी त्यांच्याभोवती दहा माणसं असतात, आणि तुमचं म्हणणं त्यातलंच एक होऊन जातं. आठवड्यात वेळ मागून घ्या. जाताना योजना घेऊन जाऊ नका. नवी माणसं बहुतेक वेळा "युवकांसाठी असं करू या, तसं करू या" असं सुचवायला जातात, आणि ज्यांनी ते काम वर्षानुवर्षं ओढलं आहे ती माणसं दुखावतात. साधं बोला: "पाळकसाहेब, मला अमुक येतं. आठवड्याला दोन तास देऊ शकते. सध्या हात कुठे कमी पडतो आहे? तीन महिने ते काम करते, मग तुम्ही सांगा पुढे करावं की नाही."

तीन महिन्यांची मुदत दोघांच्या सोयीची असते. काम जमलं नाही तर मान खाली न घालता बाजूला होता येतं, आणि पाळकांनाही नाही म्हणायला जड जात नाही. पहिल्या दिवशीच "आता मरेपर्यंत" असा शब्द देणारे पावसाळा संपेपर्यंतही टिकत नाहीत, हे मी खात्रीने सांगते.

काम मागितलं आणि मिळालं भलतंच, असंही होतं. तुम्हाला गायचं असतं आणि सांगितलं जातं की खुर्च्या लावा. लावा. त्यात अपमान वाटत असेल तर ती वाटणारी गोष्टच प्रार्थनेत न्यायची आहे. पण सहा महिने झाले तरी येणाऱ्या कामाकडे कोणी पाहायला तयार नसेल, तर पुन्हा एकदा नम्रपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. नम्रता म्हणजे गप्प बसणं असा एक समज आपल्याकडे आहे, विशेषतः बायकांच्या बाबतीत. त्याने किती तरी देणग्या जमिनीत गेल्या.

अगदी नव्याने विश्वासात आलेल्यांनी शिकवण्याची आणि पुढारीपणाची घाई करू नये. १ तीमथ्य ३:६ मध्ये प्रेषित पौल नवशिक्याला अध्यक्ष नेमू नये म्हणतो, आणि कारणही देतो: गर्वाने फुगण्याचा धोका. हाताने करायची कामं मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू करायला काही हरकत नाही.

घरच्यांना विचारलंत का?

सेवेच्या उत्साहात घर मागे पडतं. नवरा किंवा बायको, म्हातारे आईवडील, मुलांची परीक्षा, पाळीची नोकरी, हे सगळं मांडून तास ठरवा. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करत होता. पोटापाण्याचं काम प्रामाणिकपणे करणं ही सेवेतली खोट नव्हे. नोकरीवर उशिरा जाऊन प्रार्थना सभेला वेळेवर पोहोचणाऱ्याची साक्ष कचेरीत कोणी ऐकत नाही.

हात तयार करा

देवाने दिलं म्हणजे आयतं आलं, असं नसतं. मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे दाखले आपल्या अंगणातच आहेत.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं १६१६ मध्ये. मधली ३७ वर्षं तो इथल्या लोकांत राहिला, इथली बोली शिकला, ओवीचा छंद आत्मसात केला. लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्याने ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली. त्याने कोकणीचं व्याकरणही लिहिलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर प्रत्येक नव्या सेवकाने अभ्यासावं. त्यांच्या आईने त्यांना लहानपणी संस्कृत शिकवलं, तेव्हा ते ख्रिस्ताच्या कामासाठी आहे हे कोणाच्याही ध्यानीमनी नव्हतं. पुराणं सांगत कुटुंब देशभर पायी फिरलं, दुष्काळात आईवडील गेले. त्या भटकंतीत तयार झालेली भाषेची जाण पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात बायबलच्या मराठी भाषांतराला लागली. पण संस्कृत येतं म्हणून त्या थांबल्या नाहीत. मूळ ग्रंथावरून भाषांतर करायचं तर हिब्रू आणि ग्रीक यायला हव्यात म्हणून त्या भाषा शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. भाषांतर करणारी आणि खिळे जुळवणारी, दोघींशिवाय ते पुस्तक झालं नसतं. विश्वासात येण्यापूर्वी तुम्ही जे शिकलात तेही वहीत लिहा, असं मी म्हणते ते यामुळे.

आणि लक्ष्मीबाई टिळक. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, अक्षरओळख लग्नानंतर झाली. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पुढे नेलं.

तेव्हा पेटी वाजवायची असेल तर शिकवणी लावा. संडे स्कूल घ्यायची असेल तर प्रशिक्षण वर्गाला जा. वाचन करायचं असेल तर रोज एक अध्याय मोठ्याने वाचा. १ इतिहास २५:७ मध्ये परमेश्वराच्या गायनात शिकून तरबेज झालेल्यांची संख्या २८८ दिली आहे. देवाच्या घरात तालीम करण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

काही कामं जरा जवळून

गीतसेवा. मंडळीच्या गाण्याला साथ देणं आणि मैफलीत गाणं, ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या गळ्याला शोभणारी पट्टी मंडळीला झेपेलच असं नाही. वर चढवलेल्या पट्टीत मागच्या बाकांवरचे पुरुष दुसऱ्या ओळीला गप्प होतात. म्हाताऱ्या बायकांना श्वास पुरत नाही. शनिवारच्या सरावाला एखाद्या न गाणाऱ्या माणसाला बसवा आणि त्याला सहज गाता येईल ती पट्टी धरा. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहामधल्या जुन्या अभंगांच्या आणि पदांच्या चाली गावोगाव थोड्या थोड्या वेगळ्या असतात. आपल्या मंडळीची चाल वडीलधाऱ्यांकडून शिकून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली ती लोकांच्या तोंडी बसावी म्हणून. नवं गीत महिन्याला एकच घ्या. ढोलकाचा आवाज शब्दांवर जाऊ देऊ नका. आणि रविवारी पहिल्या गीताआधी पंधरा मिनिटं तरी जागेवर असा. धावत येऊन सूर जुळवणाऱ्याकडे पाहून मंडळीचं मन उपासनेत लागत नाही.

शास्त्रवाचन. हे सर्वांत हलकं काम समजून कोणालाही ऐन वेळी उठवलं जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांची नजर गेली आहे, त्यांच्या कानी त्या आठवड्यातलं वचन पडतं ते एवढंच. आदल्या रात्री उतारा तीनदा मोठ्याने वाचा, अवघड नावांवर पेन्सिलीने खूण करा, वाक्य कुठे संपतं ते बघा. माइकपासून टीचभर अंतर ठेवा. अध्याय आणि वचन सांगितल्यावर पानं उलटली जाईपर्यंत थांबा.

लहान मुलांमध्ये काम. एका तासिकेला एकच गोष्ट आणि तिच्यातलं एकच सत्य. पाच-सहा वर्षांची मुलं पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ऐकत नाहीत, मग हाताला काही करायला द्या. याहून महत्त्वाचं: मुलांबरोबर कधीही एकटं राहू नका. दोन मोठी माणसं, उघडं दार, पालकांना माहीत असलेली वेळ, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा आणि मंडळीत नसेल तर मागणी करा. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याची माहिती किंवा शंका असेल तर पॉक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा) कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवा. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून गप्प राहण्याचा सल्ला कोणी दिला, तो कितीही मोठा असला, तरी ऐकू नका.

आजाऱ्यांच्या भेटी. दया करण्याची देणगी असलेली माणसं इथे फुलतात, आणि नकळत इजाही इथेच होते. जाण्याआधी विचारा. दवाखान्यात दहा मिनिटं पुरे. उभं राहून बोलण्यापेक्षा खुर्ची ओढून बसा. आजारी माणसाला बोलायचं असेल तर ऐका. बोलायचं नसेल तर छोटं स्तोत्र वाचा, छोटी प्रार्थना करा. डोक्यावर हात ठेवण्याआधी परवानगी घ्या. "तुमच्या विश्वासात काही तरी कमी असेल" हे वाक्य कोणाच्याही खाटेपाशी उच्चारू नका. बायबलमध्ये संकटात सापडलेल्या इयोबाच्या मित्रांनी सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसून चांगलं केलं. तोंड उघडल्यावर बिघडलं. औषध बंद करा, इन्सुलिन घेऊ नका, असं सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. बरं करणारा देव डॉक्टरांच्या हातूनही काम करतो. मिरजेला १८९४ पासून मिशनचं रुग्णालय उभं राहिलं ते याच विश्वासावर. भेटीत जे ऐकलं ते महिला मंडळाच्या प्रार्थनेतसुद्धा त्या माणसाला विचारल्याशिवाय सांगायचं नाही. प्रार्थनेची विनंती म्हणून किती घरांची गुपितं फुटली आहेत!

पैशाचं काम. हिशेबात चोख असणं ही मोठी देणगी आहे, आणि ती असलेल्यांनी लाजू नये. दान मोजताना दोन माणसं हवीत, एका घरातली नकोत. मोजणी चर्चमध्येच, आकडा वहीत, दोघांची सही, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. चर्चची रक्कम एका रात्रीपुरतीही स्वतःच्या खर्चात फिरवू नका, परत करायची असली तरी. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमा केलेली वर्गणी नेताना पौलाने सोबत माणसं घेतली आणि कारण लिहून ठेवलं: प्रभूसमोरच नव्हे, माणसांसमोरही ते योग्य दिसावं (२ करिंथ ८:२०-२१). परदेशातल्या एखाद्या ओळखीच्या मंडळीने तुमच्या सेवेसाठी तुमच्या खात्यात पैसे पाठवू का विचारलं, तर हो म्हणू नका. धार्मिक किंवा सामाजिक कामासाठी परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्यांना मंडळीच्या पदाधिकाऱ्यांकडे पाठवा.

मोबाइल आणि कॅमेरा. तरुण मंडळी यात हुशार आहेत आणि मंडळीला त्यांची गरज आहे. नियम थोडे आहेत: लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका, आजारी, रडणाऱ्या, मदत घेणाऱ्या माणसाचा फोटो काढूच नका. पिशवीभर धान्य देताना हात पुढे केलेल्या बाईचा चेहरा जगाला दाखवणं ही सेवा नाही.

संदेश. इथे मी मुद्दाम थोडकं लिहिते, कारण हे काम शिकायला मंडळीतला जाणता माणूसच हवा. आधी घरोघरच्या प्रार्थना सभेत पाच मिनिटांची साक्ष द्या. मग एका वचनावर दहा मिनिटं. लिहून काढा आणि बोलण्याआधी पाळकसाहेबांना दाखवा.

कान पकडणारा माणूस

अपुल्लो वक्ता होता, शास्त्रात पारंगत होता, आवेशाने बोलत होता. तरी त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभेत उभं राहून खोडून काढलं नाही. आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (कृत्ये १८:२६). असं एक माणूस तुम्हीही गाठा आणि महिन्यातून एकदा भेटा. त्याला दोनच गोष्टी विचारा: माझ्या कामाचा कोणाला फायदा झाला? कोणाला त्रास झाला?

टीका आली की दोन दिवस उत्तर देऊ नका. व्हॉट्सअॅपवर तर कधीच नको. टीकेत खरं किती हे त्या माणसाबरोबर बसून तपासा. कौतुकाचंही तसंच, "तुमच्यासारखं गाणारं कोणी नाही" हे ऐकून घरी आलात तर त्या रात्री शेजारच्या गायकासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. हेवा असा हळूहळू सुटतो. दुसरा उपाय मला माहीत नाही.

थकवा ही खरी गोष्ट आहे. हो म्हणणाऱ्या माणसावर मंडळी सगळी कामं टाकते, आणि दोन वर्षांत ते माणूस उपासनेलाही येईनासं होतं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसे, तेव्हा सासरा इथ्रो म्हणाला की हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. माणसं निवड आणि काम वाटून दे (निर्गम १८). एका वेळी एक मुख्य काम आणि फार तर एक दुय्यम काम, एवढीच मर्यादा घाला. तिसरं आलं तर सांगा: "हे घेतलं तर आधीचं नीट होणार नाही. कोणतं सोडू?" आणि आठवड्यातली एक उपासना अशी ठेवा जिथे तुम्ही काहीच करत नाही, फक्त बसता आणि ऐकता.

चर्चच्या फाटकाबाहेर

काही देणग्या मंडळीच्या आवारात मावत नाहीत, आणि त्या तिथेच कोंबायचा हट्ट करू नये. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरू होते. त्यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं संपादित केलं, वसईच्या हिरवाईसाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, बायबल आजच्या सोप्या मराठीत आणलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची भाषा केवळ वेदीपुरती राहिली असती तर कितीतरी वाचक तिला मुकले असते. तुम्ही नर्स असाल, शिक्षक असाल, वकील असाल, तर रुग्णाच्या खाटेपाशी, वर्गात आणि कोर्टात केलेलं सचोटीचं काम ही तुमची सेवा आहे. वहीत त्याची नोंद करा. मात्र तिथे लोक अडचणीत आहेत म्हणून त्यांच्यावर विश्वास लादू नका. मदतीला अट लावली की ती मदत राहत नाही.

वर्ष झालं की

वर्षाने पाळकसाहेबांकडे वही घेऊन पुन्हा जा. काय ठरलं होतं, किती झालं, काय राहिलं, हे एका पानावर लिहून न्या. काम तुमचं नाही असं दोघांनाही वाटलं तर बदला, त्यात अपयश काही नाही. तुमचंच आहे असं वाटलं तर त्याच दिवशी ते शिकवायला एक माणूस मागून घ्या. पौल तीमथ्याला सांगतो की माझ्याकडून ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपव, जी इतरांना शिकवतील (२ तीमथ्य २:२). तो माणूस वयाने लहान असावा आणि शक्यतो तुमच्या नात्यातला नसावा. पहिले दोन महिने त्याने तुमच्या शेजारी बसून पाहावं, पुढचे दोन महिने त्याने करावं आणि तुम्ही पाहावं, मग महिन्यातला एक रविवार पूर्ण त्याच्यावर सोडा आणि त्या दिवशी मध्ये पडू नका.

सोबत एक फाइल तयार ठेवा: कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत, पेटी दुरुस्त करणाऱ्याचा नंबर, मुलांची नावं, वाढदिवस आणि कोणाला कशाची अॅलर्जी आहे ते, घरबसल्या आजाऱ्यांची यादी, कोणत्या महिन्यात काय लागतं, कोणाचे किती देणे बाकी. फाइलची एक प्रत चर्चच्या कचेरीत ठेवा आणि दर तीन महिन्यांनी ताजी करा.